संक्रांत पानिपतावर आली नव्हती

दर जानेवारीत एक मजकूर फिरत फिरत आमच्या घरच्या ग्रुपवर येतो. शब्द थोडे इकडचे तिकडे होतात, सांगणं तेच असतं. १४ जानेवारी १७६१, ऐन संक्रांतीचा दिवस, पानिपतावर मराठ्यांची अख्खी पिढी कापली गेली, आणि तेव्हापासून मराठीत ‘संक्रांत येणे’, ‘संक्रांत कोसळणे’ असं म्हणू लागले. वर भगवा झेंडा, खाली हात जोडलेले. यंदा आमच्या भाऊजींनी तो भल्या पहाटेच टाकला. तिळगुळाचे फोटो यायच्या आधी.

वाचताना अंगावर काटा येतो, नाही असं नाही. पण ते खरं नाही.

मी सोलापुरात प्रूफं तपासते. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, देवस्थानांच्या पोथ्या, दिनदर्शिका, आणि उन्हाळा आला की पंचांगाचे फर्मे. पंचांगाची प्रूफं बघणाऱ्याला तारखांचा रोग जडतो. कुणी ‘त्या दिवशी अमावास्या होती’ म्हणालं की आधी मनातल्या मनात पान उलटलं जातं. पानिपतचंही तेच झालं.

आपले बाकीचे सण तिथीवर चालतात. संक्रांत तशी नाही, ती सूर्यावर चालते. सूर्य मकर राशीत शिरला की संक्रांत. आता पंचांगातलं हे सौर वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा साधारण वीस मिनिटांनी मोठं आहे. वीस मिनिटं म्हणजे काहीच नाही, पण दरवर्षीची वीस धरली तर बहात्तर वर्षांत पुरा एक दिवस होतो. म्हणून संक्रांत इंग्रजी तारखेत हळूहळू पुढे सरकत राहते. आपल्या लहानपणी ‘संक्रांत म्हणजे १४ तारीख’ हे पाठ होतं, आणि आता एखाद्या वर्षी ती १५ ला आली की लोक दिनदर्शिका छापणाऱ्याला फोन करतात. (करतात. मी उचललेले आहेत.)

पुढे सरकते, म्हणजे जितकं मागे जाल तितकी ती अलीकडे येणार. याचा सर्वांना माहीत असलेला पुरावा आहे. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि त्यांच्या चरित्रांत तो दिवस मकरसंक्रांतीचा म्हणून नोंदलेला असतो. १८६३ ला जर १२ तारीख, तर त्याच्या शंभर वर्षं आधी? शंभर वर्षांत दीडेक दिवस, शिवाय १८०० साल इंग्रजी कॅलेंडरात लीप धरत नाहीत त्याचा हिशोब. १७६१ ची संक्रांत १० जानेवारीच्या आसपास येते. पानिपतची लढाई झाली पौष शुद्ध अष्टमीला, बुधवारी. संक्रांत होऊन तीन-चार दिवस उलटले होते. भाऊसाहेबांच्या छावणीत तोवर दाणागोटा संपला होता. उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू म्हणून फौज बाहेर पडली होती. तिळगूळ कुठला आणि सण कुठला.

भाऊजींना हे सांगितलं. ते म्हणाले, “वहिनी, तुम्ही सगळ्याचा विचका करता. दहा काय अन् चौदा काय, लोकांना पानिपत आठवतं ना?”

आठवतंच की. पण त्याला संक्रांतीची टेकण कशाला? ‘पानिपत होणे’ हा वाक्प्रचार आहेच. परीक्षेत पानिपत होतं, निवडणुकीत होतं, मागे आमच्या जावेच्या अळूवड्यांचं झालं होतं. त्या शब्दाच्या जन्माबद्दल वाद घालायला जागाच नाही, रणांगणाचं नाव त्यातच आहे. ‘विश्वास पानिपतात गेला’ म्हणतात त्यातही विश्वासराव उघड दिसतो. संक्रांतीचा वाक्प्रचार मात्र दुसऱ्या घरातला आहे, आणि ते घर मी दरवर्षी तपासते.

पंचांगात संक्रांतीचं म्हणून एक पान असतं. तिथे संक्रांत ही बाई आहे. तिला वाहन असतं, उपवाहन असतं. एका वर्षीचं सांगते: वाहन वाघ, उपवाहन घोडा. पिवळं वस्त्र नेसली आहे. हातात गदा. केशराचा टिळा लावला आहे. वयाने कुमारी असून बसलेली आहे. वासाकरिता जाईचं फूल घेतलं आहे. पायस भक्षण करीत आहे. पुढे ती कुठल्या दिशेकडून येते, कुठे जाते आणि कुठे बघते. या मजकुरात चूक गेली तर गदारोळ होतो म्हणून मी ते पान दोनदा वाचते, आणि दुसऱ्यांदा वाचताना दर वेळी वाटतं की ही बाई कुणाच्या तरी घरी निघाली आहे आणि आपल्याकडे वळू नये. तसंच मानतातही. ती जिकडून येते तिकडे सुख, जिकडे जाते तिकडे दुःख. ती जे नेसते, खाते, वापरते ते महागतं किंवा नासतं.

म्हणून बायका हळदीकुंकवाच्या आधी एकमेकींना विचारतात, “यंदा संक्रांत कशावर आहे गं?” पिवळ्यावर असली की त्या वर्षी पिवळी साडी कपाटातून निघत नाही. एकदा कुठून तरी बांगड्यांवर असल्याची आवई उठली होती. ‘संक्रांत पिवळ्यावर आहे’ आणि ‘यंदा आमच्या खात्यावर संक्रांत आहे’ या दोन वाक्यांची ठेवण एकच आहे. येणार ती कुणावर तरी येणार. पहिल्या वाक्यातली साडी काढा, तिथे माणूस ठेवा, वाक्प्रचार तयार. त्याला पानिपतचा तोफखाना लागत नाही. शिवाय दुसरा दिवस किंक्रांतीचा, तो तर करिदिनच. भीती सणाच्या आत आधीपासून बसलेली आहे.

हे मी कोर्टात सिद्ध करू शकणार नाही. पण पानिपतची कथा तारखेवर पडते आणि ही पडत नाही, एवढं माझ्यासाठी पुरे आहे.

लोकांना असल्या गोष्टी का आवडतात, हे मला कळतं. वाक्प्रचार रोज तोंडात असतो, फुकटचा वाटतो. त्यामागे लढाई, राजा, खून निघाला की तो एकदम घराण्यातला होतो. आणि खून निघाल्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे ‘ध चा मा’.

आमच्या धंद्यात हा शब्द रोजचा. एका पत्रिकेत ‘वधू’चा उकार गळला होता, आणि ‘वध-वरांस आशीर्वाद देण्यास अवश्य यावे’ असं प्रूफ माझ्या टेबलावर आलं होतं. ऑपरेटर पोरगा म्हणाला, “ताई, ध चा मा होता होता राहिला.” अगदी बरोबर वापरला त्याने. एका खुणेने माणूस मरतो, हाच त्याचा अर्थ.

गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. ३० ऑगस्ट १७७३, शनिवारवाडा, गणपतीचे दिवस. अठरा वर्षांचे नारायणराव पेशवे, मागे गारदी, ‘काका, मला वाचवा’. राघोबादादांनी म्हणे ‘नारायणरावास धरावे’ एवढंच लिहून दिलं होतं, आनंदीबाईंनी ‘ध’ खोडून ‘मा’ केला. खून खराच आहे. सुमेरसिंग गारदी, तुळाजी पवार ही माणसंही खरी. ती चिठ्ठी मात्र आजवर कुणाच्या हाती लागलेली नाही. एवढी चौकशी झाली, रामशास्त्री प्रभुण्यांनी केली, आणि त्यांनी बोट ठेवलं ते राघोबादादांवर. तोंडावर सांगितलं की याला देहान्त प्रायश्चित्त, आणि पुणं सोडून गेले. न्यायाधीशाने नाव घेतलं पुरुषाचं, आणि भाषेने लक्षात ठेवलं बाईला.

मला विचाराल तर ही चिठ्ठीची गोष्ट कुणाच्या सोयीची आहे ते बघावं. काकांनी फक्त ‘धरा’ म्हटलं होतं, असं एकदा मान्य केलं की काकांचा निम्मा दोष उतरतो आणि उरलेला बायकोच्या पदरात पडतो. प्रूफं तपासणाऱ्यांना ही युक्ती ओळखीची आहे. संपादकाने वाक्य चुकीचं लिहिलेलं असलं तरी पुढच्या अंकात ‘मुद्रणदोष’ छापून येतो.

इथे मजा अशी की वाक्प्रचाराच्या उगमाबद्दल वाद नाही. तो या गोष्टीतूनच आला. वाद आहे तो गोष्टीच्या खरेपणाबद्दल. संक्रांतीच्या बाबतीत उलटं: घटना शंभर टक्के खरी, पण वाक्प्रचाराशी तिचा संबंध नाही. ग्रुपवर हे दोन्ही एकाच ताटात वाढतात.

तिसरा प्रकार सगळ्यात अवघड. घटना खरी, वाक्प्रचाराशी नातंही आहे, पण ती त्याची आई नाही. ‘गाढवाचा नांगर फिरवणे’. पुण्यात हे विचारा, लगेच उत्तर येईल: १६३० च्या सुमारास आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने पुणं जाळलं, गाढवाचा नांगर फिरवला, लोखंडी पहार ठोकून तिला तुटकी वहाण टांगली. पुढे जिजाऊंनी बाळ शिवाजीराजांकडून सोन्याच्या फाळाचा नांगर फिरवून घेतला आणि गाव पुन्हा वसवलं. पुण्याची माणसं ही गोष्ट अशी सांगतात की वाक्प्रचाराचा जन्मदाखला त्यांच्याच महापालिकेत मिळेल.

पण मुरार जगदेवाला ही कल्पना सुचली कुठून? त्याने ती शोधून काढली नव्हती. ओडिशात भुवनेश्वरजवळ उदयगिरीच्या टेकडीवर हाथीगुंफा आहे. तिथे राजा खारवेलाचा शिलालेख कोरलेला आहे, इसवी सनाच्या आधीचा. प्राकृतातला. त्यात आपल्या पराक्रमांची वर्षावार यादी देताना तो पिथुंड नावाच्या नगराचं काय केलं ते सांगतो: ‘गदभनंगलेन’ नांगरलं. गदभ म्हणजे गर्दभ, नंगल म्हणजे नांगर. मी हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा दोन हजार वर्षांत त्याची एवढीच झीज झाली आहे याचंच नवल करत बसले. जुन्या संगम काळच्या तमिळ कवितांतही राजाची स्तुती करताना कवी म्हणतो की तू शत्रूच्या गडांच्या आत पांढऱ्या तोंडाची गाढवं जुंपून जमीन नांगरलीस. म्हणजे कलिंगापासून तमिळ देशापर्यंत ही शत्रूचा अपमान करायची ठरलेली रीत होती. बैल जुंपला की जमीन पवित्र, गाढव जुंपलं की ओसाड आणि अपशकुनी. पुण्यात ती रीत पार पडली, सुरू झाली नाही. मुरार जगदेवाने नांगर फिरवला तेव्हा बघणाऱ्यांना त्याचा अर्थ समजावून सांगावा लागला नसणार.

हे पुण्यातल्या एका ओळखीच्या गृहस्थांना सांगितलं. ते म्हणाले, “असेल, पण मराठीत आमच्यामुळे आला.” बरं.

‘छत्तीसचा आकडा’ पटकन आटोपते, कारण त्यात कुणाचा राजा नाही. ३ आणि ६ शेजारी लिहा, दोघांनी एकमेकांकडे पाठ फिरवलेली दिसते. ६३ लिहा, समोरासमोर बसतात. नागरी आकड्यांत डोळ्यांना दिसणारी गोष्ट आहे. तरी दरवर्षी एखादी नवरीची आई हादरते, कारण पत्रिकेत छत्तीस गुण जुळले म्हणजे उत्तम आणि बोलण्यात छत्तीसचा आकडा म्हणजे वाकडं. पत्रिकेतलं वाकडं ते षडाष्टक. एकाच्या राशीपासून दुसऱ्याची रास सहावी, आणि उलट मोजली तर आठवी. तोही शब्द पंचांगातूनच बाहेर पडून भाऊबंदकीत शिरला. आमच्या दोन मशीनमनचं षडाष्टक आहे, आणि दोघांनीही एकमेकांची रास कधी विचारलेली नाही.

राजा भोज आणि गंगू तेली ही म्हण हिंदीची, पण आपण ती घरचीच समजून वापरतो. हिच्यावर विद्वानांनी बरंच तेल जाळलं आहे. गंगू म्हणजे कलचुरी राजा गांगेय, तेली म्हणजे चालुक्य तैलप, दोघे मिळून धारच्या भोजावर चालून गेले आणि हरले, अशी एक फोड फार चालते. ऐकायला नेटकी आहे. अडचण एवढीच की भोज गादीवर यायच्या आधीच दुसरा तैलप वारला होता. आणि तो हरणाऱ्यातला नव्हता, भोजाच्या चुलत्याला, मुंजाला, त्यानेच पकडून मारलं होतं. पन्हाळ्यावर जा, तिथे वेगळंच ऐकवतात. भोज म्हणजे शिलाहार राजा भोज, आणि तेली नव्हे तेलीण, गंगू तेलीण. तट टिकेना म्हणून तिचा बळी दिला, अशी दंतकथा. त्या कथेत निदान गंगूला माणूस म्हणून जागा आहे. बाकी फोडींत विद्वानांना मुळात हेच सहन होत नाही की म्हणीत एक साधा तेली असू शकतो. त्याचाही राजा करायचा. ‘कुठे इंद्राचा ऐरावत आणि कुठे शामभटाची तट्टाणी’ ही आपली म्हण अगदी त्याच मापाची, पण शामभट कोणत्या घराण्यातला होता, यावर कुणी लेख लिहिलेला माझ्या तरी हाताखालून गेलेला नाही.

आता सध्या ज्याच्यावर आमच्या प्रेसमध्ये चहाच्या वेळी वाद चालू आहे ते. ‘अडला हरी गाढवाचे पाय धरी’.

मी ही म्हण लहानपणापासून एकाच अर्थाने ऐकलेली: हरी नावाचा कुणी गडी, त्याचं काही अडलं, गेला गाढवाच्या पाया पडायला. हरी हे नाव का, तर पुढे ‘धरी’ आहे म्हणून. म्हणी रचणाऱ्याला यमक मिळालं की तो नावगाव बघत नाही. ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’ यात जिवा महाला आणि शिवाजीराजे खरोखरचे निघाले आणि यमकही जुळलं, हा योग क्वचितचा. सोलापुरात प्रेसच्या धंद्यात तेलुगू माणसं पुष्कळ, पद्मशाली समाज पिढ्यान्‌पिढ्या इथलाच. आमचे बाइंडिंगचे मामा त्यातले. त्यांच्यासमोर मी एका पुरवणीला ही म्हण लावत होते तर ते सुई थांबवून म्हणाले, “ही तर आमची आहे. पण आमच्यात वसुदेव आहे.”

आणि म्हणून दाखवली: ‘वसुदेवुडंतटि वाडे गाडिद काळ्ळु पट्टुकुन्नाडु’. वसुदेवासारख्यानेसुद्धा गाढवाचे पाय धरले. त्यामागची गोष्ट त्यांच्या आजीने सांगितलेली. कंसाने तुरुंगाच्या दाराशी गाढव बांधलं होतं. देवकीला मूल झालं की ते ओरडायचं आणि कंस धावून यायचा. आठव्या वेळी वसुदेव बाळ घेऊन निघाला तेव्हा त्याने गाढवाचे पाय धरले, की बाबा आज तेवढा ओरडू नकोस.

भागवताच्या दशमस्कंधात हे गाढव नाही. तिथे पहारेकरी झोपतात, दारं आपोआप उघडतात, यमुना वाट देते, शेष फणा धरतो. सगळं देवाच्या कृपेने सुरळीत होतं, कुणाच्या पाया पडायची वेळ येत नाही. गाढव नंतर लोकांनी आणून बांधलं असावं, आणि मला ते आवडलं, कारण बाप पोराला वाचवायला निघाला आहे आणि त्याची काहीच किंमत मोजली जात नाही हे लोकांना पटलं नसणार.

मामांचा मुद्दा बिनतोड वाटतो. तेलुगूत नाव उघड आहे, मागे गोष्ट आहे, म्हण वजनदार आहे, कारण पाया पडणारा मोठा माणूस आहे. मराठीतला हरी हा त्याचाच झिजलेला वारस. “पण वसुदेवाचा हरी कसा झाला?” मी विचारलं. “हरी तर टोपलीत होता.” ते म्हणाले, “ते तुम्ही बघा, प्रूफ तुम्ही तपासता.”

मी यमकावर अडून बसले आहे. ‘वसुदेव’ला ‘धरी’ जुळत नाही, ‘हरी’ जुळतो, आणि घरातलाच आहे, बापाचं नाव जाऊन मुलाचं आलं. दोन दिवस मामांना हे पटवत होते, आणि ते आता जवळजवळ मान्य करायच्या बेतात आले आहेत. घोळ एकच आहे. माझ्या सासूबाई ही म्हण ‘अडला नारायण गाढवाचे पाय धरी’ अशी म्हणतात, त्यांच्या माहेरी सगळे तशीच म्हणायचे. त्यात देव आहे आणि यमक नाही. मामांच्या कानावर मी हे अजून घातलेलं नाही.